चुंबकीय विषुववृत्तावरील गाव

त्रिवेंद्रमला उतरणारा महाराष्ट्रीय प्रवासी सहसा पद्मनाभस्वामीचे दर्शन घेतो, कोवळमच्या वाळूत मुलांना तासभर खेळू देतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कन्याकुमारीचा रस्ता धरतो. परंतु ज्या कुटुंबात शाळेत जाणारी मुले आहेत आणि त्यांच्या शंकांना सवडीने उत्तरे देण्याची हौस असलेले एखादे वडीलधारे माणूस आहे, त्या कुटुंबाने या ठरीव क्रमातून एक दिवस आवर्जून बाजूला काढावा आणि शहराच्या वायव्येस, समुद्र आणि आगगाडीचा रस्ता यांच्या बेचक्यात वसलेल्या थुंबा नावाच्या कोळ्यांच्या गावी जावे. भारताच्या अंतराळ-संशोधनाचा आरंभ येथे झाला. ज्या इमारतीत तो झाला ती इमारत, म्हणजे सेंट मेरी मॅग्डलिनचे ख्रिस्तमंदिर, आज विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संग्रहालय म्हणून उभी आहे. केंद्राचा परिसर संरक्षित असल्यामुळे उघडण्याचे दिवस आणि वेळ यांची चौकशी आधी करावी आणि मोठ्या माणसांची ओळखपत्रे जवळ बाळगावीत. तेवढी तजवीज केली म्हणजे दिवस निर्वेध जातो.

आत इतिहास, शिक्षण, तंत्रज्ञान, जागतिक प्रयत्न, उपयोग आणि भविष्य असे सहा विभाग केलेले आहेत, आणि बाहेरच्या हिरवळीवर अग्निबाणांच्या प्रतिकृती उभ्या आहेत. मुले साहजिकच प्रथम तिकडे धावतात, मान वर करून उंचीचा अंदाज घेतात आणि सर्वांत मोठा कोणता, हे एकमेकांना विचारू लागतात. त्यांना त्या आनंदात व्यत्यय आणू नये. मात्र त्यांचे डोळे तृप्त झाल्यावर वडीलधाऱ्यांनी त्यांच्यापुढे एकच प्रश्न ठेवावा : एवढ्या मोठ्या देशात ही जागाच का? या प्रश्नाचे उत्तर ज्याला नीट समजले त्याला थुंबा समजले. आणि ज्याने नुसते अग्निबाण पाहिले त्याने ते इतरत्र कोठेही पाहिले असते तरी चालले असते.

पृथ्वी हा एक विशाल चुंबक आहे, हे शाळेत शिकवले जाते. मधोमध टांगून मोकळी सोडलेली चुंबकसूची महाराष्ट्रात उत्तर टोकाने खाली झुकते. उत्तरेकडे जावे तसतशी अधिक झुकते आणि चुंबकीय ध्रुवावर सरळ उभी राहते. या दोहोंच्या उलट अशी एक रेषा पृथ्वीभोवती आहे, की जिच्यावर ही सूची कोणत्याही बाजूस न कलता क्षितिजाला समांतर राहते. हेच चुंबकीय विषुववृत्त. नकाशावरच्या भौगोलिक विषुववृत्ताशी ते जुळत नाही; वेडेवाकडे वळणे घेत ते दक्षिण अमेरिकेत पेरूवरून, आफ्रिकेवरून आणि भारतात अगदी दक्षिण टोकाजवळून जाते. या रेषेच्या माथ्यावर, जमिनीपासून सुमारे १०० ते ११० किलोमीटर उंचीवर, सूर्यकिरणांनी विद्युद्भारित केलेल्या विरळ हवेतून दिवसा पश्चिमेकडून पूर्वेकडे विजेचा एक प्रचंड प्रवाह वाहत असतो. शास्त्रज्ञ त्याला विषुववृत्तीय इलेक्ट्रोजेट म्हणतात. त्याचा पट्टा रेषेच्या दोन्ही बाजूंना मिळून काही शे किलोमीटर एवढाच रुंद असतो. त्या पट्ट्याबाहेर त्याचा प्रभाव झपाट्याने ओसरतो. डोळ्यांना न दिसणारा, कानांना न ऐकू येणारा हा प्रवाह माणसाला कळला तो केवळ चुंबकसूचीच्या सूक्ष्म थरथरीवरून.

ही थरथर नोंदवण्याचे काम आपल्या देशात अग्निबाणांच्या शंभर-सव्वाशे वर्षे आधीपासून चालू होते, आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा लहान नाही. त्रावणकोरचे कलावंत महाराज स्वाती तिरुनाळ यांनी १८३७ साली त्रिवेंद्रमला वेधशाळा स्थापन केली. पुढे जॉन ॲलन ब्राउन यांनी तेथे वर्षानुवर्षे चुंबकीय निरीक्षणांचा परिपाठ चालवला. त्यांच्या तेथील कारकिर्दीच्या उत्तरार्धात त्रावणकोरच्या दिवाणगिरीवर तंजावरच्या मराठी घराण्यातले टी. माधवराव होते. इकडे मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी सुरू झाल्या आणि १८५९ सालच्या विख्यात सौरवादळाची नोंद तेथील दप्तरात उमटली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, तेव्हा त्या विजेमुळे सूक्ष्म मापने बिघडतील हे ओळखून वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी चुंबकीय विभाग अलिबागला हलवला. तेथील इमारती बांधताना लोखंड कटाक्षाने टाळण्यात आले, आणि दोन्ही ठिकाणच्या नोंदींचा सांधा जुळावा म्हणून काही काळ कुलाबा व अलिबाग येथे समांतर निरीक्षणे घेण्यात आली. समुद्रस्नानासाठी अलिबागला जाणाऱ्या हजारो मराठी कुटुंबांना या वास्तूचे महत्त्व क्वचितच कोणी सांगितले असेल.

अलिबागचा थुंब्याशी संबंध तो काय, असे कोणी विचारील. संबंध अतिशय निकटचा आहे. अलिबाग चुंबकीय विषुववृत्तापासून पुरेसे दूर असल्यामुळे तेथे इलेक्ट्रोजेटचा प्रभाव पोहोचत नाही. दक्षिण टोकाजवळच्या केंद्रावर मात्र तो स्पष्ट उमटतो. दोन्ही ठिकाणचे चुंबकीय बल एकाच वेळी मोजून एकातून दुसरे वजा केले, की जे उरते ते त्या अदृश्य प्रवाहाचे माप. दक्षिणेतील एकूण आडवे बल ४०,००० नॅनोटेस्लाच्या आसपास असते आणि मध्याह्नीच्या सुमारास इलेक्ट्रोजेट त्यात जी भर घालतो ती फार झाली तर शंभराच्या घरात असते. हजारात दोन-तीन भागांचा हा फरक टिपण्यासाठी किती माणसांनी किती चिकाटीने आपले आयुष्य वेचले असेल, याचा विचार संग्रहालयाच्या पायरीवर क्षणभर थांबून करण्यासारखा आहे. अग्निबाणाने जे साधले त्याचा पाया या लोकांनी घातला होता.

आता जमिनीवरच्या सूचीवरून प्रवाह आहे एवढे कळले, तरी त्याचे पोटात शिरून केलेले परीक्षण बाकीच राहते. संशोधनाचे फुगे फार तर ३५-४० किलोमीटर चढतात. पुढे हवा इतकी विरळ होते की त्यांना तरंगता येत नाही. उपग्रह २०० किलोमीटरांच्या खाली फार काळ तग धरू शकत नाही. तेथली हवा, आपल्या दृष्टीने नगण्य असली तरी, त्याचा वेग खाऊन टाकते आणि त्याला खाली ओढते. म्हणजे फुग्याला फार उंच आणि उपग्रहाला फार खाली असा जो मधला प्रदेश, नेमका त्यातच हा प्रवाह वाहतो. तेथे उपकरणे नेण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे सरळ वर जाऊन, वाटेत मापे घेऊन, काही मिनिटांत समुद्रात कोसळणारा छोटा अग्निबाण. त्याला साउंडिंग रॉकेट म्हणतात. असा अग्निबाण सोडण्यासाठी चुंबकीय विषुववृत्ताजवळची जागा हवी, पुढ्यात मोकळा समुद्र हवा, आणि दळणवळणासाठी मोठे शहर फार दूर नको. थुंब्यात या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या होत्या.

होमी भाभांच्या पाठिंब्याने १९६२ साली अंतराळ-संशोधनाची राष्ट्रीय समिती स्थापन झाली आणि तिचे अध्यक्षपद विक्रम साराभाईंकडे आले. या समितीचे सचिव एकनाथ चिटणीस मूळचे कोल्हापूरचे. जागेच्या शोधात साराभाईंबरोबर ज्यांनी पायपीट केली त्यांत ते होते. निवडलेली जागा सुमारे ६०० एकरांची आणि अडीच किलोमीटर लांबीची किनारपट्टी होती. परंतु तिच्या मध्यभागी कोळी लोकांचे प्रार्थनास्थळ होते आणि भोवती त्यांची वस्ती होती. कागदोपत्री हुकूम काढून ती ताब्यात घेणे सरकारला अशक्य नव्हते. तसे न करता जिल्हाधिकारी माधवन नायर यांच्या मध्यस्थीने साराभाई बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांना भेटले, बिशपांनी रविवारच्या प्रार्थनेच्या वेळी आपल्या लोकांपुढे हा विषय मांडला, आणि ज्या वास्तूत त्यांची लग्ने झाली व मुलांचे नामकरण झाले ती वास्तू त्या दर्यावर्दी लोकांनी देशाच्या कामासाठी सोडून दिली. प्रार्थनेच्या दालनात प्रयोगशाळा आली. बिशपांच्या खोलीत आराखडे काढणारे तरुण बसू लागले, आणि त्यांत अब्दुल कलाम होते. संग्रहालयात फिरताना मुलांना हे अवश्य सांगावे. कारण येथे जे उभे राहिले त्यात ज्ञानाइतकाच या त्यागाचाही हिस्सा आहे, आणि तो ज्यांनी केला त्यांची नावे कोणत्याही फलकावर मावण्यासारखी नाहीत.

२१ नोव्हेंबर १९६३ हा पहिल्या उड्डाणाचा दिवस. अग्निबाण अमेरिकेचा, नायके-अपाची जातीचा. त्यातील उपकरण फ्रान्सचे. जुळणी करणारे हात मात्र अमेरिकेतील वॉलप्स बेटावर शिक्षण घेऊन आलेल्या भारतीय तरुणांचे. जुळलेला अग्निबाण ख्रिस्तमंदिरातून प्रक्षेपणस्थळी नेल्यावर उचलयंत्राच्या द्रवदाबाच्या नळीला गळती लागली आणि तो कलू लागला. दुरुस्तीला अवधी नव्हता. तेव्हा जमलेल्या मंडळींनी खांदे लावून तो जागेवर चढवला. संध्याकाळी ६ वाजून २५ मिनिटांनी तो सुटला आणि थोड्याच वेळात अरबी समुद्रावर, फार उंच, नारिंगी रंगाचा एक मेघ पसरला.

तो मेघ सोडियमच्या वाफेचा होता. अग्निबाणाने वर जाता जाता वाफ सोडायची, तिच्यावर सूर्यप्रकाश पडला की सोडियमचे अणू पिवळ्या-नारिंगी रंगात उजळतात, त्या उजळलेल्या रेषेची किनाऱ्यावरच्या निरनिराळ्या ठिकाणांहून एकाच वेळी छायाचित्रे घ्यायची, आणि ती रेषा कोणत्या उंचीवर किती आणि कोणीकडे वाकली यावरून तेथील वाऱ्याची दिशा व वेग काढायचा, अशी ही रीत. यासाठी वेळ संध्याकाळचीच हवी. दिवसा आकाशाच्या उजेडात मेघ दिसणार नाही. रात्री त्याला उजळायला सूर्य नाही. मात्र तिन्हीसांजेला खाली जमिनीवर अंधार झालेला असतो आणि वर शंभर किलोमीटरांवर सूर्य अजून मावळलेला नसतो. त्या थोड्या मिनिटांच्या संधीवर सगळा प्रयोग बेतलेला होता.

पुढच्या काही वर्षांत या केंद्राला आंतरराष्ट्रीय स्वरूप आले आणि २ फेब्रुवारी १९६८ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधींनी ते संयुक्त राष्ट्रांना अर्पण केले. जगाची दोन गटांत विभागणी झालेल्या त्या काळात अमेरिका, सोव्हिएत रशिया, फ्रान्स, ब्रिटन आणि जर्मनी येथील शास्त्रज्ञ या एका किनाऱ्यावर येऊन काम करीत होते. १९७० नंतर अनेक वर्षे रशियाचे हवामान-अग्निबाण येथून दर आठवड्याला सुटत आणि मोसमी वाऱ्यांच्या माथ्यावरील हवेची मापे आणीत. भारताजवळ त्या वेळी द्रव्य नव्हते, यंत्रसामग्री नव्हती. परंतु ज्याचे उत्तर जगाला हवे होते असा एक प्रश्न त्याच्या भूमीवर उभा होता, आणि त्या प्रश्नाच्या बळावर त्याने बलाढ्य राष्ट्रांना आपल्या दारी आणले.

या वाटचालीची दोन छायाचित्रे बहुतेकांच्या पाहण्यात असतात आणि लोक ती एकाच माळेत ओवतात. एकात सायकलच्या मागच्या बाजूस अग्निबाणाचे निमुळते टोक ठेवून दोन माणसे पायी चालली आहेत. ते हेन्री कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराने १९६६ साली थुंब्यास टिपले. दुसऱ्यात ॲपल नावाचा उपग्रह बैलगाडीवर चढवलेला आहे. पहिले चित्र खरोखरच चणचणीचे आहे. वाहने तुटपुंजी होती, अंतर थोडे होते, सायकल हाताशी होती. दुसऱ्याचे कारण अगदी वेगळे आहे : उपग्रहाच्या अँटेनाची चाचणी घेताना भोवताली धातू असला तर लहरी परावर्तित होऊन मापे चुकतात, म्हणून लाकडी आणि मोकळ्यावर नेता येईल असे वाहन हवे होते, आणि बैलगाडी त्या कामास उत्तम ठरली. १९ जून १९८१ रोजी हा उपग्रह युरोपच्या एरियान अग्निबाणातून गेला. गरिबी आणि युक्ती या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्ही अभिमानास्पद असल्या तरी त्यांतील भेद मुलांना कळला पाहिजे.

परक्यांच्या अग्निबाणांवर फार दिवस भिस्त ठेवायची नाही, हे साराभाईंनी आरंभीच ठरवले होते. २० नोव्हेंबर १९६७ रोजी थुंब्याहून पहिला स्वदेशी अग्निबाण सुटला. त्याचे नाव रोहिणी-७५, आणि हा ७५ म्हणजे त्याचा मिलिमीटरमधील व्यास. जाडीने तो मुलाच्या मुठीहून फारसा मोठा नव्हता. पुण्यात जन्मलेले वसंत गोवारीकर त्याच वर्षी इंग्लंडातील आपले संशोधन सोडून थुंब्यास आले, आणि घन इंधनाचे किचकट व जोखमीचे शास्त्र येथे रुजवण्यात त्यांनी पुढाकार घेतला.

या इंधनाची घडण समजून घेण्यासारखी आहे. ज्वलनाला प्राणवायू पुरवणारे अमोनियम परक्लोरेट, जळणारी ॲल्युमिनियमची पूड आणि दोहोंना बांधून ठेवणारी रबरासारखी राळ यांचा दाट लगदा करून तो अग्निबाणाच्या मोटारीच्या, म्हणजे इंधन जळते त्या भागाच्या, कवचात ओततात. ओतताना मधोमध तारकाकृती साचा उभा ठेवतात. लगदा घट्ट झाल्यावर साचा काढून घेतला, की आत चांदणीच्या आकाराची पोकळी उरते. घट्ट झालेले इंधन हाताला दप्तरातल्या खोडरबरासारखे लागते. ज्वलन त्या पोकळीच्या भिंतीपासून सुरू होऊन बाहेरच्या अंगाला सरकते. म्हणून पोकळीचा आकार जसा, तसा जोराचा चढउतार. एकदा पेटले की ते विझवता येत नाही, आणि आत केसाएवढी भेग राहिली तरी जळणारा पृष्ठभाग अकस्मात वाढून कवच फुटू शकते. यासाठी प्रत्येक मोटारीची क्ष-किरणांनी तपासणी करतात. एसएलव्ही-३ हा २२ मीटर उंचीचा, सुमारे १७ टन वजनाचा आपला पहिला उपग्रह-प्रक्षेपक चारही टप्प्यांत असेच इंधन वापरीत होता. १० ऑगस्ट १९७९ रोजी तो बंगालच्या उपसागरात कोसळला. १८ जुलै १९८० रोजी त्याने ३५ किलोग्रॅमचा रोहिणी उपग्रह कक्षेत नेऊन ठेवला. तेव्हा थुंब्याच्या केंद्राचे संचालक गोवारीकर होते. पुढे पुण्याचेच प्रमोद काळे याच पदावर आले.

आम्ही गेलो होतो तेव्हा बरोबरच्या नातीने येथे विचारले, "आजोबा, सगळे इथे बनते, तर मग उपग्रह इथूनच का नाही सोडत?" प्रश्न नेमका होता. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते आणि आपल्या अक्षांशावर हा वेग ताशी सुमारे १,६०० किलोमीटर असतो. पूर्वेकडे सोडलेल्या अग्निबाणाला तो वेग आयता मिळतो. परंतु थुंब्याहून पूर्वेकडे सोडले तर जळालेले टप्पे तामिळनाडूच्या शेतावाडीत आणि गावांवर पडतील. म्हणून पूर्व किनाऱ्यावरचे श्रीहरिकोटा बेट निवडण्यात आले, जेथून पुढे समुद्रच समुद्र आहे. चांद्रयान-३ देखील १४ जुलै २०२३ रोजी तेथूनच गेले. मात्र त्या साऱ्या प्रक्षेपकांची रचना थुंब्यातील केंद्रात होते, आणि छोटे रोहिणी अग्निबाण आजही या किनाऱ्यावरून उडतात.

दुपारनंतर शहराकडे परतावे. वेळ असेल तर कोवळमला जाताना मुलांना सांगावे, की थुंब्याच्या भेटीसाठी आलेल्या साराभाईंना ३० डिसेंबर १९७१ रोजी कोवळमलाच, अवघ्या ५२ व्या वर्षी, झोपेत मृत्यू आला. आणि सूर्यास्त शंखुमुखमच्या वाळूवर बसून पाहावा, तोही थोडा अभ्यासूपणाने. सूर्य बुडाला, वाळू काळवंडली, तरी फार उंचीवरचे ढग किंवा एखादे विमान लखलखत असते. जितके उंच, तितका सूर्य अधिक वेळ. सोडियमच्या मेघामागचे तत्त्व मुलांना असे स्वतःच्या डोळ्यांनी पडताळता येते, आणि त्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही.

अंतराळ-संशोधनावर गरीब देशाने पैसा का खर्चावा, असा सवाल १९६३ साली केला गेला आणि तो अधूनमधून आजही केला जातो. त्याचे उत्तर उपग्रहांच्या उपयोगांत आहेच. मच्छीमाराला वादळाची आगाऊ सूचना मिळते, दुर्गम भागात दूरध्वनी लागतो. पण थुंबा याहून मूळचे उत्तर देते. येथे देशाने दुसऱ्याचे वैभव पाहून त्याची नक्कल करायला घेतली नाही. आपल्या माथ्यावर निसर्गाने जे ठेवले होते ते काय आहे, एवढे जाणून घ्यायला घेतले, आणि त्या जिज्ञासेला लागणारी साधने करता करता उरलेले सर्व त्याला येत गेले. कुलाब्याचे, अलिबागचे, त्रिवेंद्रमचे निरीक्षक आणि थुंब्याचे तरुण यांची ही एकच परंपरा आहे. ज्या मुलाला एक दिवस येथे आणले त्याला चांद्रयानांच्या तारखा पाठ झाल्या नाहीत तरी चालेल. आपल्या गावाच्या जमिनीत, हवेत, पाण्यात असे कोणते कोडे आहे जे येथेच सुटू शकेल, हे विचारण्याची सवय त्याला लागली, तर त्या दिवसाचे चीज झाले असे समजावे.